चपलांचे मासे

मासळीबाजारात वर्षानुवर्षं जाऊन एकही मासा विकत न घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हिंगोलीच्या आठवडी बाजारात आमच्या शाळेतले सर मासळीच्या ओळीत शिरायचे, खिशातून सहा इंची पट्टी काढायचे आणि टोपलीतला एखादा रोहू उचलून त्याचा एकेक पर बोटांनी उलगडायचे. पर उजेडाकडे धरून बघायचे. अंगाची लांबी, पोटाची उंची, शेपटीच्या मुळाशी जाडी, सगळं वहीत उतरवायचे. मग मासा जसा होता तसा, तोंड त्याच बाजूला करून, परत ठेवायचे. एक मासळीवाली त्यांना चांगली ओळखत होती. ती म्हणायची, "सर, सोयरीक जुळवून राहिले का त्याची? घ्यायचा तर घ्या, न्हाईतर ठेवा खाली. मागं गिऱ्हाईक उभं हाय." सर ओशाळं हसायचे आणि पुढच्या टोपलीकडे सरकायचे.

पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत गेलो तेव्हा हा प्रकार सुरू होताच दहा पावलं मागे होऊन कांद्याच्या ढिगाशी उभा राहिलो. कोणी ओळखीचं भेटलंच तर आपण कांदे बघत होतो असं सांगता यावं म्हणून. सरांशी माझं पुढचं सगळं वागणं त्या दहा पावलांच्या अंतरावरूनच झालं.

सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलात मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता. कागद परभणीला जायचे आणि महिनोन्‌महिने परत यायचे नाहीत. माझ्या नोकरीच्या मान्यतेचा कागदही तिकडेच अडकला होता. सर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, विज्ञानाचेच शिक्षक. जवळच्या तांड्यावरचे आणि तांड्यातले पहिले पदवीधर. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नेहमी एक छोटी कात्री. स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे त्यांना 'मत्स्यावतार' म्हणत. ते नाव मी ठेवलं होतं. नव्या माणसाला चार जणांत लवकर मिसळायचं तर कोणाला तरी हसावं लागतं, आणि हसण्यासारखा माणूस आमच्या शाळेत एकच होता.

सरांचं म्हणणं साधं होतं. "आकार पाहा, चाल आपोआप कळंल." मेलेला मासा हातात दिला तरी तो जिवंतपणी कसा पोहत असेल हे ते सांगायचे. रोहूचं अंग दोन्हीकडे निमुळतं, शेपटीचं मूळ बारीक आणि शेपूट मधून दुभंगलेली, म्हणून तो लांब पल्ल्याचा. धारेच्या उलट दिवसभर जाईल. कटला उंच आणि चपटा, डोकं मोठं. धारेत लवकर दमतो, पण जागच्या जागी वळावं ते त्यानंच. मरळ लांबट, गोल अंगाचा, पाठीवरचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला आणि शेपूट गोल. तो पळत नाही, दबा धरून बसतो आणि एकदम झेप घेतो. झेप चुकली की त्याचा खेळ संपला. वाम सापासारखं सगळं अंगच हलवते, त्यामुळे चिखलातून, गवतातून कशीही निघून जाईल, पण घाईत असलेल्यानं तिच्या नादी लागू नये. हे सगळं ते गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. मासे खात मात्र नसत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "वळख झाल्यावर कसं खावं, सर?"

आणि पोहायला त्यांना येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ते थरथर कापायचे. मी एकदा सगळ्यांसमोर ते काढलं तर म्हणाले, "घोडा पारखनाऱ्याला धावता आलंच पाह्यजे का?" यावर स्टाफरूम खो खो हसली. सरही हसले.

तांड्यावरच्या माणसाला माशांचं हे वेड कुठून लागलं, हेही मी विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "मासे मागून आले. आधी बैल." त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. "माझा आजा सांगायचा, वजन तेच असतंय, पन गोनी कशी शिवली अन् कुठं बांधली याच्यावर बैल सांजपर्यंत चालतो का दुपारीच बसतो ते ठरतंय. फुगीर गोनी बैलाला हालवून टाकती. अंगासरशी बसली, मागं निमुळती झाली, की बैलाला तकलीफ न्हाई. मी वढ्यात पहिल्यांदा मासा पाह्यला तवा मला वाटलं, ही गोनी कोन्या हुशार मान्सानं शिवली?" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून दाखवली. बैलाला पर लावून दाखवले. नक्कल फार चांगली वठली, अजून आठवते.

माणसांनाही ते याच मापानं मोजायचे. हेडमास्तर त्यांच्या लेखी कटला होते. डोकं मोठं आणि वळायला पटाईत, संस्थेतलं वारं बघून कधी वळतील ते कळायचंही नाही. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुमी मरळ हाव. जाग्यावरून झेप लई भारी. लांबचा पल्ला अजून शिकायचा हाय." मी पुढचे चार दिवस फक्त पहिलं वाक्य लोकांना सांगत होतो.

पट्टीनं मासा मोजता येतो, पण पाणी त्याला किती अडवतं हे कसं मोजायचं? त्यावर सरांनी काढलेली तोड म्हणजे हवाई चपला. झिजलेल्या चपलांचे तळ ते पंक्चरच्या सोल्यूशननं एकावर एक चिकटवायचे, कात्रीनं आणि ब्लेडनं कोरून त्यांचा मासा करायचे, तरंगू नये म्हणून पोटात खिळे खुपसायचे, आणि पर कापायचे एक्स-रेच्या जुन्या फिल्मचे. एका माशाच्या शेपटीवर कोणाच्या तरी बरगड्या स्पष्ट दिसायच्या. मग त्या माशाला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याला अडकवायचं आणि मासा वाहत्या पाण्यात सोडायचा. पाणी त्याला जेवढं ओढेल तेवढा काटा सरकतो. वाहतं पाणी म्हणजे शेजारच्या शेतातल्या मोटारीचं. लाईट कधी येईल याचा नेम नसे. लाईट आल्याचं कळलं की सर हातातला डबा तसाच ठेवून चपलांची पिशवी घेऊन धावत सुटायचे. शेतकरी म्हणायचे, "आले सर, चपला धुवायला."

या चपलांनी एकदा घोटाळाच केला. सरांनी वर्गात जुन्या चपला आणायला सांगितलं होतं. पोरं ती. कोणी लग्नाच्या मांडवाबाहेरून चांगली धडधाकट चप्पल उचलून आणली, तीही एकच. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ एका पायात चप्पल घालून शाळेत हजर. "माझा दुसरा पाय तुमच्या माशात गेला म्हनतेत." सरांनी मुकाट्यानं पिशवी उघडली. अर्धवट कोरलेल्या कटल्याच्या पोटावर बिडीचा डाग होता, त्यावरून त्या माणसानं आपली चप्पल ओळखली. सरांनी तो कटला त्यांच्या हाती ठेवला आणि आपल्या पायातला जोडही काढून दिला. दिवसभर अनवाणी शिकवलं. हेडमास्तरांनी त्यांना लेखी समज दिली. तेव्हापासून शाळेत काही कापलेलं, फाडलेलं, हरवलेलं दिसलं की सगळ्यांची मान आधी सरांकडे वळायची.

शाळेच्या मागे, बांधकामासाठी केलेला एक जुना हौद होता. त्यात सरांनी एक रोहू पाळला होता. बोटाएवढा आणलेला, सहा वर्षांत हातभर झालेला. पोरं डब्यातल्या भाकरीचा चुरा त्याला टाकायची. रोहू माणसाळलेला होता. पांढरा शर्ट दिसला की थेट कडेला यायचा, कारण सर रोज पांढराच शर्ट घालायचे. सर तासन्‌तास हौदाशी उकिडवे बसून त्याचं वळणं, थांबणं, उलटं सरकणं बघायचे. थांबताना तो छातीजवळचे पर दोन्हीकडे पसरतो, हे त्यांनी मला किती वेळा दाखवलं असेल. मी "हो हो" म्हणायचो आणि घड्याळ बघायचो.

शाळेची वार्षिक तपासणी लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "साहेब तुमचा पाठ पाहनार. पाठ झकास झाला तर तुमच्या मान्यतेचं त्यांच्या कानावर घालतो." मी विषय घेतला माशांचे पर. सरांना कळलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला. "माझे मासे घेऊन जा. उलटसुलट बांधून दावा, पोरं खूश होतेत." साहेबांसमोर टेबलावर फाटक्या चपला मांडायच्या, या कल्पनेनंच मला कसंतरी झालं. मी म्हणालो, "बघू सर." माझ्या डोक्यात दुसरंच होतं. प्रात्यक्षिकांच्या एका जुन्या पुस्तकात मी वाचलं होतं की जिवंत माशाचा एकेक पर कापून त्याला पाण्यात सोडावं, म्हणजे कोणता पर कशासाठी आहे ते प्रत्यक्ष दिसतं. हे खरं विज्ञान, असं मला वाटलं. साहेब थक्क होतील असं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी चार वाजता मी सरांकडे कात्री मागितली. तक्ते कापायचेत म्हणालो. त्यांनी खिशातून काढून दिली. "धार चांगली हाय, जपून."

शाळा सुटली. पोरं गेली, शिक्षक गेले. सर सायकलवरून गेलेले मी स्वतः पाहिले. ऊन अजून हौदाच्या भिंतीवर होतं. माझ्या अंगात पांढरा शर्ट होता. मी हौदाशी गेलो तसा रोहू कडेला आला. त्याला ओल्या पोत्यावर काढलं, एका हातानं दाबून धरलं. शेपटीचं नखभर टोक कापायचं, एवढाच विचार होता, शपथेवर सांगतो. टोक कापलं तर पुन्हा वाढतं, हे सरांनीच सांगितलं होतं. पण मुळाशी कापलं तर येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. कात्री लावली आणि मासा उसळला. कात्री मुळात घुसली, मांसात. बोटांवर रक्त आलं. मी घाबरून तो पाण्यात टाकला. तो एका कुशीवर झाला, तोंड खाली गेलं, अंग जिवाच्या आकांतानं हलवू लागला, पण जागचा पुढे सरकेना. शेपूट पोत्यावरच राहिली होती. ती मी बाभळीखाली फेकली, कात्री त्याच हौदात धुतली आणि सरांच्या टेबलाच्या खणात ठेवली. मग घरी गेलो, हातपाय धुतले आणि जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहायला मला आवडलं असतं.

सकाळी प्रार्थनेच्या आधीच हौदाभोवती सगळी शाळा जमली होती. मासा जिवंत होता. पाण्याच्या तळाशी वाकडा होऊन गोल फिरत होता. मुली रडत होत्या. साहेब अकराला येणार, आणि शाळेत हा गोंधळ, म्हणून हेडमास्तर लालबुंद झाले होते. सर सायकलवरून उतरले, गर्दीतून वाट काढत पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी मासा वर घेतला. शेपटीच्या जागेकडे खूप वेळ बघत राहिले. मग मासा अलगद पाण्यात सोडला आणि रांगेत उभ्या असलेल्या आम्हा शिक्षकांकडे एकेक करून पाहिलं. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली.

हेडमास्तर म्हणाले, "शाळेत कात्री कोनाच्या खिशात असती? प्रयोग करून राहिले ना मासा कापून?"

"कात्री माझी हाय," सर म्हणाले.

"मंग?"

"मासा बी माझाच हाय."

एवढं बोलून ते पुन्हा हौदाकडे वळले. मी पाठटाचणाच्या वहीत बघत राहिलो. वहीत काय लिहिलं होतं ते मला दिसत नव्हतं. माझ्या मागे कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "तांड्यावरचा माणूस, दुसरं काय होनार." एरवी आम्ही सगळे जातपात न मानणारे. मी ते ऐकलं आणि मान वर केली नाही.

अर्ध्या तासानं मी प्रयोगशाळेत बसलो होतो. आता काय शिकवायचं, सुचत नव्हतं. सर आत आले. हातात चपलांची पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमचा पाठ हाय ना. हे घ्या. आधी पोरायला अंदाज इचारा, निमुळतं टोक पुढं असलं तर कमी ओढंल का जाड टोक पुढं असलं तर. सगळे निमुळतं म्हनतेत. मंग बांधून दावा." आवाज नेहमीसारखाच होता. ते गेले आणि मी पिशवी उघडली. मासे धुऊन पुसून ठेवलेले होते.

पाठ झाला. लाईट होती, शेजारच्या मोटारीचं पाणी नळीनं प्रयोगशाळेत घेतलं होतं, त्याखाली सरांनीच केलेला पत्र्याचा पन्हाळ होता, त्यात मी मासा सोडला. सगळ्या वर्गानं निमुळतं टोक सांगितलं, साहेबांनीही तेच सांगितलं. काट्यानं उलटं दाखवलं. जाड तोंड पुढे आणि निमुळती शेपूट मागे असली की पाणी माशाच्या मागे शांतपणे मिटतं, तेच उलट बांधलं की मागे भोवरे होतात आणि ओढ वाढते. साहेब खुर्चीवरून उठून पन्हाळाशी आले, स्वतःच्या हातानं मासा फिरवून दोनदा बघितला. "चपलेचा! वा! हे तुम्ही तयार केलं?"

"हो साहेब. शाळेतच," मी म्हणालो.

मागच्या बाकावर सर बसले होते. त्यांनी मान डोलावली. खरंच डोलावली.

माझी मान्यता दोन महिन्यांत आली. सरांच्या नावावर संस्थेनं लेखी नोंद केली, जिवंत प्राण्यास इजा केल्याबद्दल. हौद रिकामा करून बुजवला. विज्ञान त्यांच्याकडून काढून घेतलं आणि इतिहास-भूगोल दिला. आठवी-नववीचं विज्ञान माझ्याकडे आलं. सरांनी तो मासा ओल्या फडक्यात गुंडाळून, पाण्याच्या डब्यात घालून सायकलवरून तांड्यावरच्या विहिरीत नेऊन सोडला. माझ्याशी त्यांचं वागणं बदललं नाही. भेटले की हवापाण्याचं बोलायचे. बाजारात पट्टी घेऊन जाणं मात्र बंद झालं.

खरी शिक्षा वेगळीच होती, आणि ती मी रोज शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. 'मत्स्यावतार' हे नाव मागे पडलं, 'मासा कापणारे सर' हे नाव लागलं. नवी पोरं यायची ती हेच ऐकून यायची. लहान भावंडांना भीती घालायची, दंगा केला तर ते सर शेपटी कापतील. ज्या माणसाच्या मागे पोरं चपला घेऊन धावायची, त्याच्या वर्गात आता प्रश्न विचारला की एकही हात वर जायचा नाही. सर विचारायचे, "कोन सांगतंय?" थोडा वेळ थांबायचे. मग स्वतःच उत्तर सांगायचे. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं मी ते थांबणं ऐकलं. भिंत एका विटेची होती. उठून जाऊन चार वाक्यं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं.

पुढे मी त्याच शाळेत हेडमास्तर झालो. एवढ्या वर्षांत हिंगोली जिल्हा झाला होता, कागद आता जवळच फिरत होते. जुनी कपाटं आवरताना सरांच्या सेवापुस्तकातली ती नोंद हाती लागली. त्या नोंदीमुळे त्यांचं पर्यवेक्षकपद हुकलं होतं. सेवाज्येष्ठतेनं हेडमास्तरच्या या खुर्चीवरही माझ्या आधी त्यांनी बसायला हवं होतं. मी रविवारी तांड्यावर गेलो.

सर घरापुढे कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. आणखी वाळले होते, डोळ्यांना जाड भिंगं. मला बघून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत वह्या काढल्या. "तुमाला दावायचंच होतं. त्या रोहूनं हिरीत चार पावसाळे काढले, सर. पहिल्या महिन्यात वाटलं, गेला. मंग सगळं अंगच हालवाया लागला. वामेवानी! रोहू वामेवानी पोहतो, मी जल्मात पाह्यलं न्हवतं. लांब पल्ला गेला त्याचा, पन हिंडतफिरत होता. पोटाला खात होता. रोजचं लिहून ठेवलंय." पानामागून पान ते उलटत होते. तारखा, आकडे, माशाच्या अंगाला किती वळणं पडतात त्याच्या बारीक रेघा.

मी म्हणालो, "सर, तो मासा मी कापला."

"व्हय," सर म्हणाले आणि पान उलटलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कात्री तुमच्यापाशी होती हे तर होतंच. पन म्हनलं, कोनी खनातून उचलली असंल. मंग मासा हातात घेतला. कट डाव्या हाताचा होता, सर. खालून वर चढत गेलेला. शाळेत डाव्या हातानं खडू धरनारे तुमी एकलेच."

"मग का बोलला नाहीत?"

सरांनी वही मिटली. "तुमी बोलसाल असं वाटलं. हौदापाशी वाट पाह्यली. मंग साहेब येनार होते, तुमच्या पोटाचा सवाल होता, म्हनलं मान्यता यीस्तोवर न्हाई बोलनार, बराबर हाय. मान्यता आली. मंग म्हनलं, आता बोलतीन." त्यांनी वही बाजेवर ठेवली. "मंग रिटायर झालो."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय झटकन मागे घेतले, त्यांना ते अवघड वाटलं असावं. मी रडत होतो. ते माझ्या डोक्यावरून नजर काढून विहिरीकडे बघत म्हणाले, "नोंदीचं काय न्हाई. पेन्शन मिळतीय. पन पोरं भेत होती हो मला. एखाद्याला तरी सांगा. आता मोठी झाली असतील ती, लेकरंबाळं झाली असतील. पन सांगा."

"सांगतो सर. सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. चहा झाला, सर काठी टेकत फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा मला कितीतरी वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

सेनगावकडे जाणारी जीप आली. आत-बाहेर दहा-बारा माणसं बसलेली. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं हेडमास्तर म्हणून पुढच्या सीटवरच्या एका माणसाला मागे पाठवलं आणि मला जागा करून दिली. गाडी चालू झाल्यावर म्हणाला, "सर, तुमी इकडं कुठं?"

"आपल्या जुन्या सरांना भेटायला आलो होतो," मी म्हणालो.

"ते फाट्यावर उभे होते ते? काठीवाले?" तो आरशात मागे बघत म्हणाला. "म्हंजे मासा कापनारे सर! हायेत का अजून? आमी लई भेत होतो त्यायला. हातानं पाळलेल्या माशाचं शेपूटच कापलं म्हनतेत." मागच्या सीटवरची एक बाई "अगं बाई" म्हणाली. दोघेतिघे बोलायचे थांबले आणि ऐकायला पुढे झुकले. ड्रायव्हरनं माझ्याकडे मान वळवली. "तेच ना सर?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो, तेच," मी म्हणालो.